संकट किती आधीं सांगून येतें?

शीव आणि वडाळा यांच्या मध्यें अँटॉप हिल नांवाची एक लहानशी टेकडी आहे. अंतोबा नांवाच्या कोणा जुन्या जमीनमालकावरून तिला हें नांव पडलें, असें सांगतात. पुढें इंग्रजी जिभेनें अंतोबाचें अँटॉप केलें आणि त्याला हिल हा शब्द जोडून दिला. मुंबई सात बेटांची होती त्या काळीं ही टेकडी परळ बेटाच्या पूर्व भागांत होती. तिच्या एका अंगास वडाळ्याचीं मिठागरें, खाडीचा चिखल आणि त्यापलीकडे तुर्भ्याचा डोंगर. दुसऱ्या अंगास माटुंगा-दादरची सखल भूमि. आतां तिच्या भोंवतीं सरकारी नोकरांच्या वसाहती, उंच इमारती, चाळी आणि झोपड्या यांची इतकी दाटी झाली आहे कीं टेकडी आहे हें पुष्कळांच्या ध्यानांतहि येत नाहीं. परंतु निसर्गाचीं संकटें किती प्रकारचीं असतात आणि तीं कशामुळें येतात, हें समजून घेण्यास मुंबईंत याहून सोयीची जागा क्वचितच सांपडेल.

पूर, वादळ, भूकंप, दरड या सर्वांस 'नैसर्गिक आपत्ति' असें एकच नांव देण्याचा प्रघात आहे. नांव एक झालें म्हणजे वस्तुहि एकच आहे असा भास होतो, आणि जें निसर्गानें केलें त्यास माणूस काय करणार, असें म्हणून विचार तेथेंच थांबतो. चांगला वैद्य रोग्याचें अंग तापलें आहे एवढ्यावर थांबत नाहीं. हिवताप कीं विषमज्वर हें तो पाहतो, कारण औषध त्यावर अवलंबून असतें. आपत्तींच्या बाबतींतहि प्रकार आणि कारण यांची चौकशी केवळ कुतूहलासाठीं करावयाची नसते. कारण कळलें म्हणजे संकट येण्यापूर्वीं किती अवधि मिळेल हें कळतें, आणि अवधि कळला म्हणजे त्यांत काय करतां येईल हेंहि ठरवितां येतें.

या सर्व घडामोडींच्या मुळाशीं पाहिलें तर मुख्यतः तीन शक्ति आढळतात. पहिली, पृथ्वीच्या पोटांतील उष्णता. भूकंप, ज्वालामुखी आणि बहुतेक त्सुनामी लाटा हीं तिचीं अपत्यें. दुसरी, सूर्याची उष्णता. समुद्राचें पाणी वाफ करून वर नेणारी आणि वारे वाहविणारी हीच. चक्रीवादळ, अतिवृष्टि, पूर, अवर्षण आणि उष्णतेची लाट हीं तिच्या कमीअधिक वांटपाचीं रूपें होत. तिसरी शक्ति म्हणजे गुरुत्वाकर्षण. उतारावर टेकून राहिलेला प्रत्येक दगड आणि मातीचा प्रत्येक कण खालीं जाण्याची वाट पाहत असतो. त्यास पावसानें किंवा भूकंपानें निमित्त दिलें म्हणजे दरड कोसळते.

अँटॉप हिलचा खडक पहिल्या शक्तीची साक्ष देतो. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं दख्खनच्या पठारावर तप्त रसाचे लोट एकावर एक पसरले. सह्याद्रीचे कडे त्यांतूनच घडले, आणि मुंबईच्या टेकड्याहि त्याच अग्निकांडाच्या मागें राहिलेल्या खुणा आहेत. तो अग्नि आतां शांत झाला आहे. भारताच्या हद्दींत आज जागृत असा ज्वालामुखी एकच, तो अंदमानांतील बॅरन बेटावर. तेव्हां मुंबईकरानें त्या संकटाची चिंता वाहण्याचें कारण नाहीं. पण म्हणून पृथ्वीच्या पोटांतील उष्णता विझली असें मात्र नव्हे. तिच्यामुळेंच भूपृष्ठाचे प्रचंड तुकडे वर्षास कांहीं सेंटिमीटर या गतीनें सरकत असतात. भारताचा तुकडा उत्तरेकडे रेटला जात आहे. त्या रेट्याचा ताण द्वीपकल्पाच्या जुन्या खडकांतहि सांठतो, आणि एखादी जुनी भेग तो सहन न होऊन सरकली म्हणजे जमीन हादरते.

या संकटाचा अवधि शून्य आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटें कोयनानगर हादरलें, तेव्हां त्याचा धक्का मुंबईंतील निजलेल्या माणसांनाहि जाणवला. कोयना धरणाचा जलाशय १९६२ पासून भरूं लागला होता, आणि त्यानंतर त्या परिसरांत लहान लहान धक्के वाढले होते. सांठलेल्या पाण्याचा भार आणि भेगांतून खोल झिरपणारें पाणी यांमुळें आधींच ताणलेला खडक सरकण्यास निमित्त मिळतें, या गोष्टीचें कोयना हें जगांतील एक प्रमुख उदाहरण मानलें जातें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटें चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यांतील किल्लारी आणि आसपासचीं गांवें कोसळलीं. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. गणपति पोंचवून माणसें झोंपलीं होतीं. सुमारें दहा हजार जीव गेले. भूकंपाचें मान ६.२ च्या आसपास होतें, म्हणजे जगाच्या हिशेबानें तो मध्यम प्रतीचाच होता. मग एवढा संहार कां झाला? घरांच्या भिंती जाड दगडांच्या आणि चिखलांत रचलेल्या. त्यांवर मातीचें जड धाबें. उन्हाळ्यांत गारवा देणारें तेंच घर हादऱ्यानें उलगडलें आणि निजलेल्यांच्या अंगावर आलें. हलविली पृथ्वीनें, पण मारलें भिंतींनीं. येथें अवधि मिळत नाहीं, म्हणून जें करावयाचें तें घर बांधतांनाच केलें पाहिजे. पुढें त्या गांवांची नवी बांधणी झाली, तेव्हां भूकंपांत टिकतील अशीं घरें देण्याचा प्रयत्न झाला तो याच कारणानें.

समुद्राखालीं भूकंप झाला तर मात्र दूरच्या किनाऱ्यास थोडा अवधि मिळतो. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटें मकरानच्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला. समुद्राचा तळ हलल्यानें उठलेली लाट अरबी समुद्र ओलांडून सकाळीं मुंबईस पोंचली आणि येथेंहि कांहीं माणसें वाहून गेलीं. भूकंप आणि लाट यांच्यामध्यें कांहीं तास गेले होते. परंतु पलीकडे काय झालें याची वार्ता मुंबईस वेळेवर देणारी यंत्रणा त्या काळीं नव्हती. अवधि होता, तो वायां गेला. २००४ च्या डिसेंबरांत सुमात्राजवळील भूकंपानें हिंदी महासागराच्या कांठीं दोन लाखांहून अधिक माणसें दगावलीं, तेव्हां कोठें भारतांत अशा लाटेची सूचना देणारें केंद्र उभें राहिलें. तें हैदराबादेस २००७ पासून काम करीत आहे.

आतां दुसऱ्या शक्तीकडे, म्हणजे सूर्य, समुद्र आणि वारा यांच्याकडे वळावें. मुंबईच्या पावसाची पद्धति शाळेंतील मुलासहि ठाऊक असते. नैर्ऋत्येकडून वाहणारे वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि पाणी टाकतात. परंतु कांहीं दिवशीं किनाऱ्यालगत हवेचा कमी दाबाचा पट्टा ठळक होतो, बाष्पाचा पुरवठा खंड न पडतां चालूं राहतो आणि ढग एकाच ठिकाणीं पुन्हां पुन्हां वाढतात. मग एका उपनगरांत प्रलय आणि दुसऱ्यांत साधी सर असा चमत्कार दिसतो. २६ जुलै २००५ च्या सकाळपासून चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्यास त्याच वेळांत अवघा सुमारें ७३ मिलिमीटर. दोन ठिकाणांतील अंतर वीस-पंचवीस किलोमीटरांचें. ९४४ मिलिमीटर म्हणजे किती, याची कल्पना घरच्या घरीं करतां येते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर बरोबर एक लिटर पाणी होतें. तेव्हां शंभर चौरस मीटरांच्या एका गच्चीवर त्या दिवशीं चौऱ्याण्णव हजार लिटरांहून अधिक पाणी पडलें. चार महिन्यांत मिळून जो पाऊस पडावयाचा त्याचा सुमारें दोन-पंचमांश वांटा एका दिवसांत, आणि त्यांतलाहि बराचसा दुपार ते रात्र एवढ्या वेळांत, पदरांत पडला.

हें पाणी जाणार कोठें? मुंबईचीं जुनीं पर्जन्यगटारें तासास सुमारें २५ मिलिमीटर पाऊस आणि समुद्रास ओहोटी, असा हिशेब धरून बांधलेलीं. त्यांचीं बहुतेक मुखें भरतीच्या पातळीखालीं येतात. भरती आली म्हणजे पाणी बाहेर पडण्याचें तर राहोच, समुद्र उलट आंत येऊं पाहतो. त्या दिवशीं दुपारीं चारच्या सुमारास सुमारें साडेचार मीटरांची भरती होती, आणि पावसाचा जोरहि त्याच सुमारास होता. किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे. पक्षाच्या तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची घटका साधारणपणें निघते. अष्टमीस सहा, पौर्णिमेस किंवा अमावास्येस बाराच्या जवळपास. २६ जुलै २००५ ला आषाढ कृष्ण पंचमी आणि षष्ठी यांचा संधि होता; हिशेब पावणेचार ते साडेचार असा येतो. भरती ही चंद्र-सूर्यांच्या ओढीनें येते, आणि तिची वेळ वर्षभर आधीं छापून ठेवतां येते. पाऊस किती पडेल हें त्या सकाळीं कोणी सांगूं शकलें नसतें. पाणी केव्हां अडेल हें मात्र साध्या पंचांगावरूनहि काढतां आलें असतें.

पाणी अडल्यावर तें कोठें सांठेल, हेंहि गूढ नाहीं. पाण्याची स्मृति माणसाच्या स्मृतीहून चिवट असते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत महालक्ष्मीजवळचें भगदाड हॉर्नबी वेलार्ड या बांधानें बंद झालें. त्यानंतर बेटांमधील दलदली आणि खाड्या हळूहळू भरल्या गेल्या. १८९६ च्या प्लेगानंतर, १८९८ मध्यें, शहर सुधारणा मंडळ स्थापन झालें आणि दादर, माटुंगा, वडाळा, शीव येथील मोकळ्या व सखल जागेवर नव्या वसाहतींची आंखणी झाली. हवा आणि उजेड यांसाठीं ती योजना फार मोलाची ठरली, यांत शंका नाहीं. परंतु भूमीची पातळी भर घालून सर्वत्र सारखी झाली नाहीं. परळ-दादरमधील हिंदमाता हा भाग बशीसारखा आहे. किंग्ज सर्कलचें गांधी मार्केट आणि शिवाचे कांहीं रस्ते यांचीहि तीच गत. अँटॉप हिलच्या माथ्यावर पडलेलें पाणी दोन्ही बाजूंनीं अशाच सखल जमिनींत उतरतें. तिकडे उत्तरेस मिठी नदी विहार आणि पवई या तलावांचें वाहून येणारें पाणी घेऊन माहीमच्या खाडीकडे जाते. तिचें पात्र भर, वस्त्या, कारखाने आणि विमानतळ यांनीं आंवळलेलें. कुर्ला, कलिना, शीव येथें त्या रात्रीं पाणी पहिल्या मजल्याकडे चढलें. मुंबई आणि उपनगरें मिळून चारशेंहून अधिक माणसें मेलीं. कांहीं बुडून, कांहीं दरडीखालीं, तर कांहीं मोटारींचीं दारें न उघडल्यानें गुदमरून.

या संकटाचा अवधि तासांचा असतो, आणि तो वाढवितां येतो. २००५ मध्यें मुंबईंत डॉप्लर रडार नव्हतें. ढगांची चाल आंतून पाहणारें हें यंत्र पुढें कुलाब्यास आलें आणि त्यानंतर अंधेरीकडील वेरावलीच्या टेकडीवर दुसरें बसलें. शहरांत ठिकठिकाणीं स्वयंचलित पर्जन्यमापक लागले. भरतीच्या वेळींहि पाणी समुद्रांत फेंकणारीं उदंचन केंद्रें हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया येथें उभीं राहिलीं, आणि हिंदमात्याजवळ उद्यान व मैदान यांच्या खालीं पाणी सांठविण्याच्या टाक्या बांधण्यांत आल्या. हे उपाय दुरुस्तीचे आहेत. भरलेली खाडी पुन्हां उकरतां येत नाहीं. परंतु जीं मिठागरें आणि तिवरांचीं वनें वडाळ्यापासून पुढें उरलीं आहेत, तीं पावसाचें आणि भरतीचें पाणी घटकाभर धरून ठेवतात. शहराच्या पाण्यास टेकण्याची ती ओसरी आहे. रिकामी जागा म्हणून ती भरून काढणाऱ्यानें ही गोष्ट आधीं विचारांत घेतली पाहिजे.

तिसऱ्या शक्तीचा, म्हणजे दरडीचा, प्रकार निराळा. ती क्षणांत कोसळते, पण तिची तयारी पुष्कळ दिवस चाललेली असते. आपल्याकडील काळा खडक उन्हापावसानें वरून कुजतो आणि त्याची माती होते. लांबलेल्या पावसांत ही माती पाणी शोषून जड होते. कणांच्या मध्यें शिरलेलें पाणी त्यांस एकमेकांपासून दूर ढकलतें. आणि खालचा कठीण खडक घसरगुंडीसारखा होतो. अशा वेळीं उताराचा पायथा कोणी रस्त्यासाठीं किंवा घरासाठीं कापलेला असेल तर वरच्या भारास टेका उरत नाहीं. ३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्यांतील माळीण, २२ जुलै २०२१ रोजीं महाडजवळील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इरशाळवाडी हीं गांवें अशाच रीतीनें मातीखालीं गेलीं. माळीण येथें दीडशेंच्या वर माणसें दगावलीं.

हें केवळ डोंगरांतील खेड्यांचें दुःख आहे असें मुंबईकरानें समजूं नये. जुलै २००० मध्यें घाटकोपरच्या टेकडीची दरड झोंपड्यांवर आली आणि साठांहून अधिक माणसें मेलीं. १८ जुलै २०२१ च्या मध्यरात्रीनंतर, अँटॉप हिलवरून खाडीपलीकडे दिसणाऱ्या चेंबूरच्या डोंगराळ भागांत, भारतनगर वस्तीवर दरडीसह भिंत कोसळून पंधरांहून अधिक जीव गेले. खुद्द अँटॉप हिलच्या परिसरांत २५ जून २०१८ रोजीं मोठ्या पावसांत निराळाच प्रकार घडला. एका बांधकामासाठीं खणलेल्या खोल खड्ड्याची कड खचली, आणि शेजारच्या गृहसंकुलाची भिंत व रस्ता, वर उभ्या असलेल्या मोटारींसह, त्यांत उतरला. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं. परंतु रहिवाशांस घरें सोडून बाहेर पडावें लागलें. तेथें डोंगर कोसळला नव्हता. ज्या कारणानें डोंगर कोसळतो तेंच कारण सपाटीवर निर्माण केलें गेलें होतें: एका बाजूस ओली जमीन, दुसऱ्या बाजूस तिचा काढून घेतलेला आधार.

दरडीचा अवधि यंत्रापेक्षां डोळ्यांनीं अधिक कळतो. उतारावर जमिनीला नवी भेग दिसणें, झाड किंवा विजेचा खांब कलणें, पूर्वीं नव्हता तेथें पाझर फुटणें, स्वच्छ झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ होणें, घराचें दार चौकटींत अडूं लागणें, या तिच्या खुणा होत. टेकडीखालील संरक्षक भिंतीस पाणी निथळण्यासाठीं भोकें ठेवलेलीं असतात. तीं बुजलीं म्हणजे भिंतीमागें पाण्याचा दाब चढतो आणि भिंतच दरडीचें हत्यार बनते. पावसाळ्यापूर्वीं एकदां काठीनें तीं भोकें मोकळीं करणें, यास ना मोठा खर्च आहे ना मोठी विद्या लागते. माणसें अशा भिंतीखालीं हौसेनें राहत नाहींत. पोटासाठीं शहरांत आलेल्यास ज्या जागेचें भाडें परवडतें ती जागा बहुधा उताराची नाहीं तर नाल्याची असते. म्हणून खुणा ओळखणें हें रहिवाशाचें काम असलें, तरी त्याला सुरक्षित जागीं हलविणें हें एकट्या रहिवाशाच्या हातचें नसतें.

चक्रीवादळ मात्र दिवसांचा अवधि देतें. समुद्राचें पाणी वरच्या थरांत सुमारें साडेसव्वीस अंशांहून उष्ण असलें म्हणजे वाफ भराभर वर चढते, ढग होतांना तिची उष्णता हवेंत मोकळी होते, हवा आणखी वर जाते आणि खालचा दाब उतरतो. भोंवतालचा वारा तेथें धांवूं लागतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळें तो सरळ न जातां आपल्या गोलार्धांत घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें गरगरतो. अरबी समुद्रांत हीं वादळें विशेषेंकरून मोसमी पावसाच्या आधीं आणि नंतर होतात. नोव्हेंबर १९४८ मध्यें एका वादळानें मुंबईस चांगलाच तडाखा दिला होता.

याच संबंधांत एक चमत्कारिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जगांतील भयंकर वादळांच्या कित्येक याद्यांत जून १८८२ मधील मुंबईचें वादळ आणि त्यांतील एक लाख बळी यांची नोंद आढळते. १८८१ च्या शिरगणतींत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती. म्हणजे आठांतील एक माणूस मेला असता. अशी घटना घडती तर शहराच्या प्रत्येक कागदावर तिची छाया पडती. परंतु जुनीं वृत्तपत्रें चाळणाऱ्या अभ्यासकांस तिचा मागमूस लागला नाहीं. तें वादळ झालेंच नव्हतें. खोट्या संकटाची आठवण शंभर वर्षें टिकते आणि १९४५ च्या खऱ्या लाटेची आठवण एका पिढींत पुसली जाते, हें मोठें नवल आहे.

३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' नांवाचें वादळ मुंबईवर येणार असें वाटत असतां अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर चढलें. मुंबई वांचली, पण श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड येथील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ पुन्हां फळास येण्यास कित्येक वर्षें लागतात, तेव्हां एका दुपारच्या वाऱ्यानें एका पिढीचें उत्पन्न नेलें. पुढच्याच वर्षीं, १७ मे २०२१ रोजीं, 'तौक्ते' वादळ मुंबईस समांतर गुजराथेकडे गेलें. त्याची सूचना कांहीं दिवस आधीं मिळालेली होती. तरीहि समुद्रांतील तेलविहिरींच्या कामावरील माणसें ज्यावर राहत ती 'पी-३०५' ही तराफा-नौका तेथेंच राहिली, नांगर तुटून वाहवली आणि बुडाली. सत्तरांहून अधिक कामगार गेले. सूचना मिळणें आणि सूचना मानणें या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मानली तर काय होतें, याचें उदाहरण ओडिशानें घालून दिलें आहे. ऑक्टोबर १९९९ मधील महावादळांत तेथें सुमारें दहा हजार माणसें मेलीं. ऑक्टोबर २०१३ मध्यें 'फायलिन' हें तसेंच प्रबळ वादळ आलें, तेव्हां वादळापूर्वीं लाखों लोक किनाऱ्यावरून पक्क्या निवाऱ्यांत हलविले गेले होते. मृतांची संख्या पन्नासाच्या आसपास राहिली. समुद्र तोच आणि वाराहि तसाच. मधल्या चौदा वर्षांत निवारे बांधले गेले, रस्ते झाले, आणि घर सोडा असें सांगणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची लोकांस संवय झाली.

सर्वांत मोठा अवधि देणारीं संकटें दोन. एक अवर्षण. तें पावलापावलानें येतें. आधीं मृग कोरडा, मग विहिरी, मग गोठा. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत खडी फोडण्याच्या आणि बांधबंदिस्तीच्या कामांवर लाखों लोकांस मजुरी देण्यांत आली, आणि त्यांतूनच रोजगार हमीची कल्पना कायद्यापर्यंत पोंचली. पीक वांचलें नाहीं, पण माणसें पुष्कळ अंशीं वांचलीं. दुसरें संकट याहूनहि मंद आहे. कोळसा आणि तेल जाळून हवेंत सोडलेल्या वायूमुळें पृथ्वी तापत आहे. समुद्राची पातळी चढत आहे, अरबी समुद्र पूर्वींहून उष्ण झाला आहे, आणि त्यावर उठणारीं वादळें गेल्या कांहीं दशकांत वाढल्याचें हवामानशास्त्रज्ञांस आढळलें आहे. ज्या गटारांचीं मुखें आजच भरतीखालीं जातात त्यांस याचा अर्थ निराळा सांगावयास नको. येथें अवधि वर्षांचा आहे, आणि म्हणूनच तो सहज दवडला जातो. तहान लागल्यावर विहीर खणण्याची मनुष्याची खोड जुनी आहे.

येणेंप्रमाणें भूकंप शून्य अवधि देतो, अतिवृष्टि तासांचा, दरड खुणा ओळखणाऱ्यास दिवसांचा, वादळ दिवसांचा, अवर्षण महिन्यांचा आणि चढता समुद्र वर्षांचा. घटना निसर्गाची असते. तिच्या आधींचा अवधि मात्र माणसाच्या मालकीचा असतो. किल्लारीच्या भिंती, मिठीचें आंवळलेलें पात्र, वादळांत राहिलेली नौका आणि अँटॉप हिलच्या पायथ्याचा तो खड्डा यांपैकीं कोणतीहि वस्तु निसर्गानें निर्माण केली नव्हती.

श्रोत्यांनीं पुढचा पावसाळा येण्यापूर्वीं आपल्या घराविषयीं चार प्रश्न स्वतःस विचारावेत. घर उभें आहे ती जमीन मूळची कीं भरावाची? पाणी तुंबलें तर तें कोणत्या बाजूनें येतें, आणि त्या दिवशीं भरती केव्हां आहे? मागें टेकडी किंवा भिंत असल्यास तिचें पाणी निथळतें कीं नाहीं? आणि रात्रीं बाहेर पडावें लागलें तर शेजारच्या घरांतील म्हाताऱ्या माणसास कोण हात देईल? पहिल्या तिन्हींचीं उत्तरें नकाशांत, पंचांगांत आणि डोळ्यांपुढें आहेत. चौथ्याचें उत्तर २६ जुलैच्या रात्रीं मुंबईच्या पुष्कळ गल्ल्यांनीं दिलें होतें. अनोळखी माणसांना घरांत घेऊन, दोर बांधून रस्ता ओलांडून देऊन आणि असेल तें अन्न वांटून. तें औदार्य संकट आल्यावर दिसलें. तेंच अवधीच्या काळीं दिसूं लागलें, तर आपत्ति येईल आणि जाईलहि, पण तिला आज पडतात तितकीं माणसें सांपडणार नाहींत.